गाणं मुद्रित होतं त्याच दिवशी

(नागपुरात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या एका तंत्रज्ञाने गाण्याच्या शिक्षकांपुढे आणि रसिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

मंडळी, विषयाचे सुरुवातीलाच दोन भाग करून घेऊ, नाहीतर पुढे घोळ होतो. ‘अंध व कर्णबधिर’ असं आपण एका दमात म्हणतो. सरकारी अर्जात, देणगीच्या पावतीवर, सत्काराच्या पत्रिकेत हे दोघे कायम शेजारी. आपल्या गावात तर शाळाही फार लांब नाहीत, शंकरनगरात मूकबधिर मुलांची आणि दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध मुलांची. पण रेकॉर्ड केलेल्या गाण्यापुढे या दोघांची अडचण एकमेकांच्या अगदी उलट आहे. अंध माणसाला गाणं पुरेपूर मिळतं, गाण्याचा पत्ता मिळत नाही. कोण गातंय, तबल्यावर कोण आहे, राग कोणता, पुढचं गाणं लावायचं बटण कुठे, यातलं काही नाही. कर्णबधिराला हा सगळा पत्ता समोर छापलेला दिसतो, गाणं तेवढं मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत दोन्ही गट देशात प्रत्येकी पन्नास लाखांच्या थोडे वर आहेत. तेव्हा कुणाचं दुःख मोठं, या वादात आपण पडू नये.

मी रेकॉर्डिस्ट आहे. भीमगीतं, भजनं, गझला, शाळांची स्वागतगीतं, लग्नातल्या मंगलाष्टका, जे दारात येईल ते करतो. त्यामुळे मी बोलणार ते काचेच्या या बाजूच्या खोलीतून, जिथे बटणं असतात. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन्ही श्रोत्यांसाठी जे करायचं, ते रेकॉर्डिंगच्या दिवशीच केलं तर जवळपास फुकटात होतं. वर्षभराने करायला गेलात तर पैसे ओतूनही धड होत नाही. (सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई, मी घाईत बोलायला लागलो की हात वर करा. माझी घरची मंडळीही तेच करतात.)

आधी अंध श्रोत्यांचं बघू. ध्वनिमुद्रणाचा इतिहास खरं म्हणजे त्यांच्या बाजूनेच सुरू होतो. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याचे उपयोग क्रमाने लिहून काढले. पहिला, पत्रं तोंडी सांगण्याचा. दुसरा, अंधांसाठी बोलणारी पुस्तकं. संगीत चौथ्या नंबरवर! पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत ही बोलती पुस्तकं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीवर निघाली. साध्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटं मावायची, हिच्यावर पंधरा-एक मिनिटं. गाण्याची एलपी बाजारात आली १९४८ मध्ये. म्हणजे ज्या लांब तबकडीमुळे आपल्याला घरात बसून विलंबित ख्याल ऐकायची चैन करता आली, ती अंध वाचकाच्या घरी आपल्या आधी डझनभर वर्षं फिरत होती.

त्याही आधीची एक गंमत सांगतो. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताना त्या स्वतः इंग्रजीत सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान’. लोकांना ती ऐट वाटते. कारण साधं होतं. मुद्रण मेणावर व्हायचं आणि तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कुणाचं लेबल लावायचं हे कळावं म्हणून नाव बोलून ठेवायचं. पण त्यामुळे झालं असं की तबकडी आपली ओळख आपणच द्यायला लागली, डोळ्यांची गरजच उरली नाही. छापील लेबलवर भरवसा बसला तशी ही चाल गेली. टिकवली ती आकाशवाणीने. ‘आता ऐकू या राग मारवा, गायन अमुक, तबल्यावर साथ तमुक’, आणि गाणं संपल्यावर पुन्हा तेच. निवेदक काही अंधांसाठी म्हणून बोलत नव्हता. रेडिओला पडदा नव्हता, म्हणून बोलत होता.

मग पडदा आला आणि आपण बोलायचं थांबलो. आज अंध श्रोता फोनवर गाणं लावतो ते स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावर काय लिहिलंय ते हा प्रोग्राम वाचून दाखवतो. फोनमध्ये तो आधीपासून असतो, संगणकासाठी एनव्हीडीएसारखा फुकट मिळतो. तो एनव्हीडीए २००६ मध्ये सुरू केला तोही ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरनेच. पण वाचणारा कितीही हुशार असला तरी लिहिलेलं तर पाहिजे ना! आपल्याकडच्या अल्बमची फाइल उघडली की तो वाचतो, ‘ट्रॅक झिरो वन’. मुखपृष्ठावर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, राग, सगळं असतं, पण ते चित्रात. चित्रातलं वाचता आलं तर ठीक, नाहीतर ‘इमेज’ म्हणून पुढे. काही ॲपमध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात. मग कानावर येतं, ‘बटण, बटण, बटण’. यातलं गाणं थांबवणारं कुठलं आणि अल्बम पुसून टाकणारं कुठलं, हे दाबून बघायचं!

शब्दांचं तर विचारूच नका. आपल्याकडे गाण्याचे शब्द अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होतात, छपाईवाल्याला तेच सोयीचे म्हणून. त्या फॉन्टमध्ये डोळ्याला ‘विठ्ठल’ दिसतो, पण आत साठवलेली असते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. स्क्रीन रीडर ती खिचडी इमानदारीने वाचतो. अभंगाच्या जागी ‘डॉलर, कंस, एफ’ ऐकू येतं. यावर उपाय एकच, शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी अक्षर म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करणं. मराठीत ते कधीचं शक्य आहे. तरी काऊन होत नाही? सवय, दुसरं काय.

माझ्याकडे आता पद्धत अशी आहे. गाणं झालं, गायक माइकसमोर आहेच, गळा तापलेला आहे, तेव्हाच त्याच्याकडून अर्ध्या मिनिटाची ओळख बोलून घ्यायची. गाण्याचं नाव, कवी, संगीतकार, राग असेल तर राग, ताल, साथीदार सगळे. ती वेगळी फाइल म्हणून अल्बमसोबत जाते. फाइलच्या आतली माहितीची खणं, गायक, वर्ष, कवी, ही युनिकोडमध्ये भरायची. आणि साथीदारांची नावं टाळायची नाहीत. ज्याला मुखपृष्ठावरचा फोटो दिसत नाही, त्याला तबलजी फक्त हातावरून ओळखावा लागतो. काही जण ओळखतातही, ती गोष्ट निराळी.

शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि १८२९ मध्ये त्याने आपली लिपी छापली तेव्हाच तिच्यात संगीत लिहायची सोय ठेवली होती. आपल्याकडे अडचण येते भातखंडे स्वरलिपीत. ती पद्धत कागदावर फार देखणी आहे. वर स्वर, खाली शब्द, त्याखाली सम-खालीच्या खुणा, आणि हे सगळं मात्रेमात्रेला उभ्या रेषेत जुळलेलं. कोमल स्वराला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला डोक्यावर उभी. डोळा हे एका नजरेत घेतो. बोट एका वेळी एकच ओळ वाचतं. त्यामुळे ब्रेलमध्ये उतरवताना ही उभी मांडणी मोडून, कोमल-तीव्रची खूण स्वराच्या शेजारी आणून, सगळं एका ओळीत रांगेला लावावं लागतं. एकदा ती बसली की मुलं झरझर वाचतात, पण ते काम लिपी आणि संगीत दोन्ही येणाऱ्या माणसाचं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. त्यांनीही स्वतःची स्वरलिपी बनवली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि छापील पुस्तकांतून गाणं शिकवलं. पुस्तकाशिवाय नुसतं कानावर विसंबून राहा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपण मात्र अंध मुलाला तेच सांगतो, ‘तुला काय, तुझा कान तयार आहे’. आणि मूल अंध आहे असं कळलं रे कळलं की पुढ्यात पेटी सरकवतो. के. सी. डे होऊन गेले, रवींद्र जैन होऊन गेले, खरं आहे. पण एखाद्याला क्रिकेटची कॉमेंट्री करायची असेल, बाप्पा!

आता कर्णबधिर श्रोत्यांकडे येतो. इथे मला जास्त वेळ लागेल, कारण रेकॉर्डिस्टला खरं काम इथे आहे.

कान साधारण वीस हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला वीस कंप) वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्वचेलाही कंप कळतो, पण हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही नाही, आणि सगळ्यात छान कळतो तो अडीचशेच्या आसपास. आता पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या पांढरी एकला धरा. मध्य सा १३० हर्ट्झच्या आसपास, तार सा २६० च्या. म्हणजे त्याचा सगळा गळा त्वचेच्या टप्प्यात बसतो! हे वाचलं तेव्हा मी खूश झालो होतो. पण लगेच दुसरी गोष्ट वाचली. शुद्ध आणि कोमल ऋषभात फरक असतो सहा टक्क्यांच्या आसपास. कानाला तो डोंगराएवढा वाटतो. त्वचेला दोन कंप वेगळे कळायला साधारणपणे त्याच्या कितीतरी पट फरक लागतो. तेव्हा हात लावून भैरव कळेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लय मात्र त्वचेला चोख कळते. तबल्यातला दायाँ सुरात बोलतो तो शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या ठिपक्यामुळे. शाई चामड्याच्या कंपांना सुरेल प्रमाणात बसवते, हे सी. व्ही. रमण यांनी १९२० मध्ये दाखवलं. हे रमण सरकारी नोकरीत असताना १९१० च्या सुमारास आपल्या नागपुरातही होते. दायाँचं ते सुरेलपण त्वचेपर्यंत फारसं पोचत नाही, पण डग्गा पोचतो. त्याची घुमार, मनगट दाबून काढलेली मींड, ती तळहाताला कळते.

आणि गंमत बघा, माझ्याकडे डग्ग्याचा माइक वेगळाच असतो. दायाँचा वेगळा, तानपुऱ्याचा वेगळा, गळ्याचा वेगळा. शेवटी मी ते सगळे ट्रॅक मिसळून दोन चॅनेलची एक फाइल बनवतो आणि आवाज मोठा यावा म्हणून ती दाबूनदुबून सपाट करतो. ती सपाट फाइल लावून स्पीकरच्या फळीवर हात ठेवला तर सगळंच एकसारखं थरथरतं, काही कळत नाही. म्हणून गाण्याची एक, ओळखीची दुसरी, तशी मिसळायच्या आधी एक तिसरी फाइल काढायची. तिच्यात डग्गा, ढोलकीची धुम बाजू, खर्ज, गळ्याचा खालचा भाग, बस्स. या फाइलसाठी दहा मिनिटं लागतात. प्रोजेक्ट बंद करून हार्ड डिस्क कपाटात गेली की मग नाही.

आवाज वाढवणं हा याला उपाय नाही, हेही सांगून टाकतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत, संदलच्या मागे, आपल्या डीजेच्या भिंती बघा. छातीत धडधडतं म्हणून आपण कान दाबून गल्लीत पळतो आणि कर्णबधिर मुलं पुढे सरकतात, त्यांना मजा येते. पण बहुतेक कर्णबधिरांना थोडं तरी ऐकू येत असतं, आणि त्या भिंतीसमोर ते उरलेलंही जातं. स्पर्श पाहिजे, दणदणाट नाही. लाकडी बाकाच्या खाली कंप देणारा छोटा ट्रान्सड्यूसर स्क्रूने बसवला की खोलीत शांतता ठेवूनही बाकावर बसलेल्याला ताल मिळतो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांच्या होईपर्यंत जवळपास पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. त्या जगभर तालवाद्यं वाजवतात, आणि कंप पायांना कळावा म्हणून अनवाणी वाजवतात. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनमध्ये गाण्याबरोबर थरथर देणारी सोय आणली. चांगली आहे. पण आयफोनच्या किमतीत आपल्याकडे बाक किती होतील, ते सुताराला विचारा.

ज्यांच्याकडे श्रवणयंत्र आहे त्यांची कथा निराळी. श्रवणयंत्र बोलणं कळावं म्हणून बनलेलं असतं. सतत एकाच सुरात चालू असलेल्या आवाजाला ते गोंगाट समजतं, नाहीतर यंत्राचीच शिट्टी समजतं, आणि दाबायला जातं. तानपुरा दुसरं काय करतो? बासरीचा लांब सूर ऐकताना यंत्र मध्येच थरथरून बेसूर होतं. बऱ्याच डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळी सेटिंग असते, ती ऑडिओलॉजिस्टकडून चालू करून घ्यायची. शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये बारा ते बावीस इलेक्ट्रोड सगळं काम करतात. ताल छान कळतो, सुरावट फार अवघड जाते. अशा श्रोत्याला गळा आणि एखादंच वाद्य असलेलं मुद्रण बहुधा जास्त सोपं जातं, चाळीस व्हायोलिनं मागे लावलेलं नाही. आणि ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं, त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करावा. स्टीरिओत तबला एकीकडे आणि सारंगी दुसरीकडे ठेवायची आम्हाला हौस, त्यात यांची सारंगीच गायब होते.

आता पडद्यावरच्या शब्दांचं बघा. व्हिडिओखाली कंसात लिहून येतं, ‘संगीत’. सात मिनिटांचा आलाप, सात मिनिटं ‘संगीत’! ऐकणाऱ्या माणसाला तरी हे चाललं असतं का? त्याऐवजी लिहा, ‘आवाज मंद्र पंचमावर बराच वेळ थांबतो’, ‘डग्गा पहिल्यांदा आला’, ‘तान सरसर उतरून समेवर’. हे ज्याला गाणं कळतं त्याने लिहायचं, तेही मुद्रणाच्या दिवशी, डोक्यात ताजं असताना. कॅमेरावाल्याला एकच विनंती करायची, हात दाखव. आपला गायक हाताने अख्खी सुरावट हवेत काढत असतो. समोरचा रसिक तीनतालाला पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी देतो, नवव्याला हात उघडा सोडतो. ताल डोळ्यांना दिसायची सोय आपल्या संगीतात आधीपासून आहे. आणि कॅमेरावाला समेच्या क्षणी कुणावर जातो? पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यावर.

शेवटचा मुद्दा खुणांच्या भाषेचा. सुरेश भटांच्या नावाचं सभागृह रेशीमबागेत आहे, गझल या गावाच्या अंगात भिनलेली आहे, म्हणून गझलेचंच उदाहरण घेतो. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीचं नाही. ‘काय, कुठे, का’ ही प्रश्नाची खूण तिथे वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवून गझल केली तर कर्णबधिर प्रेक्षक कंटाळून मोबाइल काढतो. मग काय करायचं? रदीफ सोपा आहे, तोच शब्द दर शेराच्या शेवटी येतो, तर तीच खूण, हवेत त्याच जागी, त्याच वेगाने आणायची. दोन शेरांनंतर प्रेक्षक तिची वाट बघू लागतो. काफियात, म्हणजे रदीफाच्या आधीच्या यमकात, माती होते, कारण तो जुळतो आवाजावर. इथे हाताचा आकार जुळवावा लागतो. वेगवेगळ्या अर्थाच्या, पण एकाच हस्ताकृतीच्या खुणा शोधायच्या. सांकेतिक भाषेतले कवी हेच यमक वापरतात. म्हणजे हे काम दुभाष्याचं एकट्याचं नाही, त्या भाषेत वाढलेल्या कर्णबधिर कलाकाराचं आहे. त्याला कवीसोबत बसवायला हवं. ताई मान डोलावतायत, म्हणजे मी फार चुकीचं बोलत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश केला. राष्ट्रगीताचा सांकेतिक भाषेतला चित्रपट २०१७ मध्ये गोविंद निहलानींनी केला. गझल, भीमगीतं, दंडारीसारखी लोकनाट्यं हे आपल्यालाच करावं लागेल.

कायद्याचं पटकन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे आणि कलम ४२ श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम असावा म्हणून आहे. कॉपीराइटची भीती बऱ्याच शाळांना वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अपवाद आला. दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था नफा न घेता, फक्त त्यांच्यापुरतं, कुठल्याही कलाकृतीचं सुगम रूप करू शकते. जगात याबाबतीत मराकेश करार आहे, त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला, २०१४ मध्ये. पण तो करार मुख्यतः छापील मजकुरासाठी आणि स्वरलिपीसाठी आहे, आपला अपवाद त्याहून रुंद आहे. तेव्हा शाळेत मुलांसाठी गाण्याची सांकेतिक आवृत्ती खुशाल करा. इंटरनेटवर सगळ्यांसाठी चढवायची असेल तर मात्र हक्कदाराला विचारून घ्या.

इथे एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय की ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचं काय. हेलन केलर यांनी फेब्रुवारी १९२४ मध्ये न्यूयॉर्कहून रेडिओवर आलेली बेथोव्हेनची नववी सिंफनी ‘ऐकली’. घरच्यांनी रेडिओच्या कर्ण्याचं झाकण काढलं, त्यांनी आतल्या पडद्यावर हात ठेवला. नंतर वाद्यवृंदाला त्यांनी पत्र लिहिलं. त्यात फुंकायचे कर्णे वेगळे कळले, ढोल वेगळे कळले, आणि माणसांचे आवाज सुरू झाले ते तर लगेच ओळखू आले, असं आहे. तेव्हा उत्तर हेच की त्या श्रोत्यासाठी आधीची ओळख ब्रेलमध्ये आणि गाणं त्या तिसऱ्या फाइलवरून.

बाहेर व्हरांड्यात एक बाक आणि दोन ट्रान्सड्यूसर ठेवलेत. त्यावर आधी नेहमीची फाइल लागेल, मग डग्ग्याची वेगळी. चपला काढून बसा, फरक पायांना लवकर कळतो. गाण्याच्या शिक्षकांनी जाताना माझ्याकडून ओळखीच्या फाइलचा नमुना पेनड्राइव्हवर घेऊन जा, आणि मुलांच्या गाण्याचे शब्द कुणाकडे अजून जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ते मला पाठवा. युनिकोडमध्ये करून देतो, पैसे नको.